अतिव्याप्ती आणि अव्याप्ती : मराठवाड्यातील दोन लोकआंदोलनांच्या प्रचारभाषेचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : नांदेड व लातूर)

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात घटना, व्यक्ती आणि संस्था यांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे त्या घटनांपूर्वी आणि घटनांच्या काळात वापरल्या गेलेल्या भाषेला सहसा दिले जात नाही. वस्तुतः कोणतेही लोकआंदोलन उभे राहते ते शब्दांच्या आधाराने. सभेतील भाषण, वृत्तपत्रातील अग्रलेख, पत्रक, घोषणा आणि ठराव ही आंदोलनाची साधने असतात. या साधनांत युक्तिवाद असतो, अलंकार असतात आणि अनेकदा तर्कदोषही असतात. तर्कशास्त्राच्या वर्गात तर्कदोष हा परीक्षेतील पाच-दहा गुणांचा विषय ठरतो. समाजजीवनात मात्र त्याची किंमत माणसांना मोजावी लागते. मराठवाड्याच्या इतिहासात याची दोन ठळक उदाहरणे आढळतात. पहिले उदाहरण १९३८ ते १९४८ या काळातील हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे व त्याच्या अखेरीस घडलेल्या हिंसाचाराचे आहे. दुसरे उदाहरण १९७८ ते १९९४ या काळातील मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर चळवळीचे आहे. दोन्ही प्रसंगांत नांदेड आणि लातूर हा परिसर केंद्रस्थानी होता.

प्रस्तुत शोधनिबंधात या दोन आंदोलनांच्या काळातील प्रचारभाषेची चिकित्सा भारतीय न्यायशास्त्र व अलंकारशास्त्र यांतील संकल्पनांच्या आधारे केली आहे.

उद्दिष्टे

१) पटवून देणाऱ्या लेखन-भाषणाच्या संदर्भात भारतीय परंपरेतील वाद, छल, हेत्वाभास आणि लक्षणदोष या संकल्पनांचा परिचय करून देणे.
२) हैदराबाद संस्थानातील सार्वभौमत्वविषयक युक्तिवादांची तार्किक तपासणी करणे.
३) १९४८ व १९७८ या दोन्ही वर्षी नांदेड-लातूर परिसरात घडलेल्या हिंसाचाराचा आणि प्रचारभाषेतील तर्कदोषांचा संबंध शोधणे.

गृहीतक

लक्षणाचे म्हणजे व्याख्येचे जे तीन दोष न्यायशास्त्रात सांगितले आहेत, त्यांपैकी अतिव्याप्ती हा दोष १९४८ च्या आणि अव्याप्ती हा दोष १९७८ च्या प्रचारभाषेत प्रमुख होता, हे या निबंधाचे गृहीतक आहे. ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने त्याची पडताळणी केली आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

ग्रीक विचारवंत अ‍ॅरिस्टॉटल याने मन वळवण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याचे शील, श्रोत्यांच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद. भारतीय परंपरेत या विषयाचा विचार दोन शास्त्रांत विभागलेला दिसतो. युक्तिवादाचा विचार न्यायशास्त्राने केला, तर शब्दाच्या सामर्थ्याचा विचार अलंकारशास्त्राने केला.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्यनिर्णयासाठी होणारी चर्चा म्हणजे वाद, केवळ जिंकण्यासाठी होणारी चर्चा म्हणजे जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची बाजू मोडून काढणारी चर्चा म्हणजे वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द आजही रूढ आहे. दिसायला हेतूसारखा असणारा, पण निष्कर्ष सिद्ध करू न शकणारा हेतू म्हणजे हेत्वाभास. न्यायसूत्रांत त्याचे सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत असे पाच प्रकार दिले आहेत. त्यांपैकी साध्यसम हा प्रकार या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जे सिद्ध करायचे आहे त्याच्याइतकाच असिद्ध असलेला हेतू पुढे करणे, हे त्याचे स्वरूप होय.

शब्दाचा अर्थ मुद्दाम बदलून प्रतिपक्षाला कोंडीत पकडणे याला छल म्हणतात. त्याचेही तीन प्रकार आहेत. अनेकार्थी शब्दाचा नको तो अर्थ घेणे हा वाक्छल होय. सामान्यतः संभवनीय असलेली गोष्ट प्रत्येकाला लागू करणे हा सामान्यछल होय. लाक्षणिक अर्थाने केलेले विधान शब्दशः घेणे हा उपचारछल होय. ‘मंचक ओरडत आहेत’ असे कोणी म्हटले, तर मंचकावर बसलेली माणसे ओरडत आहेत असा त्याचा अर्थ असतो. ‘लाकूड कसे ओरडेल?’ असे विचारणारा उपचारछल करीत असतो.

याशिवाय व्याख्येचे तीन दोष सांगितले जातात. ज्या वस्तूची व्याख्या करायची तिच्या बाहेरच्या वस्तूंनाही व्याख्या लागू पडली तर अतिव्याप्ती होते. त्या वस्तूच्या काही भागाला ती लागू पडली नाही तर अव्याप्ती होते. ती मुळीच लागू पडली नाही तर असंभव हा दोष घडतो. ‘शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय’ असे म्हटल्यास म्हैसही गाय ठरते. ‘काळ्या रंगाचा तो प्राणी म्हणजे गाय’ असे म्हटल्यास पांढरी गाय गोठ्याबाहेर राहते. ही उदाहरणे बाळबोध वाटतात. ‘गाय’ या शब्दाच्या जागी एखाद्या समाजाचे किंवा प्रदेशाचे नाव आले की मात्र त्यांचे गांभीर्य ध्यानात येते.

दृष्टांत देऊन पटवण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. तेराव्या शतकातील केशिराजबास यांच्या ‘दृष्टांतपाठ’ या महानुभाव ग्रंथात ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची रचना सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी आहे. आधी सिद्धांत, मग गोष्ट आणि शेवटी गोष्टीचा सिद्धांताशी जुळणारा धागा, हा तो क्रम होय. दार्ष्टांतिक हा भाग येथे विशेष लक्षणीय आहे. उपमेत कोणते साम्य घ्यायचे आणि किती घ्यायचे, याची मर्यादा तेथे आखली जाते. आधुनिक काळातील प्रचारभाषेत दृष्टांत राहिला, पण ही मर्यादा आखणारा तिसरा भाग गळून पडला.

एक शब्द, तीन दावेदार

हैदराबाद संस्थानात एकूण १६ जिल्हे होते. त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठीभाषक होते. लातूर हे तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे व व्यापाराचे गाव होते. स्वतंत्र लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये अस्तित्वात आला. संस्थानात मुस्लिम लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ टक्के होती. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध परिपत्रकामुळे सभा घेण्यासाठी सरकारी परवानगीची अट होती. त्यामुळे राजकीय विचारांना वाचनालये, शाळा, साहित्यविषयक संस्था आणि धार्मिक उत्सव यांचा आश्रय घ्यावा लागला. उघड बोलण्याची सोय नसलेल्या समाजात सूचक बोलणे वाढते. अभिधेची जागा व्यंजना घेते. मराठवाड्यातील त्या काळच्या सार्वजनिक भाषेचे हे वैशिष्ट्य होय.

महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे आणि दुसरे १९३८ साली लातूर येथे भरले. त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना जाहीर होताच तिच्यावर बंदी आली. संघटना जातीय स्वरूपाची आहे, हे सरकारने पुढे केलेले प्रमुख कारण होते. संघटनेची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. संस्थानात हिंदूंची संख्या अधिक असल्याने लोकनियुक्त सरकार म्हणजे हिंदूंचे सरकार आणि म्हणून अशी मागणी करणारी संघटना जातीय, असा सरकारी युक्तिवादाचा रोख होता. मतदार आपल्या धर्मानुसारच मत देईल हे यात आधीच गृहीत धरले होते. नेमके तेच सिद्ध व्हायचे होते. साध्यसम हेत्वाभासाचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

स्टेट काँग्रेसने २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू केला आणि दोनच महिन्यांनी, डिसेंबरच्या अखेरीस, महात्मा गांधींच्या सल्ल्यानुसार तो स्थगित केला. त्याच काळात आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह चालू होता. दोन्ही लढे एकच आहेत असा समज पसरत होता. स्थगितीचा हा निर्णय अनेक कार्यकर्त्यांना पटला नाही. तथापि तार्किक दृष्टीने पाहता तो आपल्या व्याख्येतील अतिव्याप्ती टाळण्याचा प्रयत्न होता. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी हा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी लढा ठरू नये, एवढ्यासाठी चालू लढा थांबवण्याची किंमत संघटनेने मोजली. पुढील घटना पाहता या सावधगिरीचे मोल विशेष जाणवते.

विरुद्ध बाजूला मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही १९२७ साली स्थापन झालेली संघटना होती. तिचे नेते बहादूर यार जंग हे उर्दूतील असामान्य वक्ते होते. त्यांच्या नेतृत्वाच्या काळात ‘अनल मलिक’, म्हणजे ‘मीच सत्ताधीश’, हा सिद्धांत रूढ झाला. निजाम हा मुस्लिम समाजाच्या सत्तेचे केवळ प्रतीक आहे. खरी सत्ता त्या समाजाची आणि पर्यायाने प्रत्येक मुस्लिम व्यक्तीची आहे, असे हा सिद्धांत सांगत असे. अलंकारशास्त्राच्या भाषेत हा लाक्षणिक प्रयोग आहे. आसनावर एक माणूस बसला आहे आणि बसल्याचा मान मात्र लाखोंना मिळतो. शेतात राबणाऱ्या, विणकाम करणाऱ्या किंवा टांगा हाकणाऱ्या सामान्य मुसलमानाच्या हाती सत्तेचा लवलेशही नव्हता. ‘तू राजा आहेस’ हे वाक्य त्याच्या कानाला गोड लागले. त्याच वाक्याने त्याच्या खात्यावर एक ऋण लिहिले गेले, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढून ब्रिटिश सत्ता गेल्यावर आपण स्वतंत्र सार्वभौम राहू असे जाहीर केले. ब्रिटिशांची अधिसत्ता संपली की सार्वभौमत्व राजाकडे परत जाते, हा त्यामागील युक्तिवाद होता. ते मुळात राजाचे होते काय, हा प्रश्न त्यात वगळला होता. अशा रीतीने ‘सार्वभौमत्व’ या एकाच शब्दाचे तीन दावेदार निर्माण झाले. निजामाच्या मते ते राजघराण्याचे होते, मजलिसच्या मते ते मुस्लिम समाजाचे होते आणि स्टेट काँग्रेसच्या मते ते संस्थानातील सर्व जनतेचे होते. तिन्ही पक्ष एकच शब्द वापरत असल्याने वाटाघाटींत प्रत्येकाला आपलेच म्हणणे तर्कशुद्ध वाटत राहिले.

लातूरचे वकील आणि अतिशयोक्ती

बहादूर यार जंग यांचा १९४४ साली मृत्यू झाला. १९४६ च्या अखेरीस मजलिसचे नेतृत्व कासीम रझवी यांच्याकडे आले. रझवी लातूर येथे वकिली करीत. वकिलाचे प्रशिक्षण युक्तिवादाचे असते. परंतु रझवी यांच्या भाषणांचे सामर्थ्य युक्तिवादात नव्हते. ते अतिशयोक्तीत होते. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही ध्वज फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा निजामाचे पाय धुतील, अशा आशयाची विधाने त्यांच्या नावे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. चारी बाजूंनी भारतीय संघराज्याने वेढलेल्या आणि समुद्रकिनारा नसलेल्या संस्थानाच्या संदर्भात ही प्रतिमा काव्यातच शोभली असती.

अतिशयोक्ती हा काव्यात अलंकार असतो, कारण वाचक ती अतिशयोक्ती आहे हे जाणून असतो. राजकीय सभेत हा अलिखित करार मोडतो. श्रोत्यांपैकी काही जण ती योजना समजतात आणि ऐकणारा शत्रुपक्ष तिला धमकी समजतो. रझवी यांच्या भाषणांचे असेच झाले. रझाकारांच्या अत्याचारांनी नांदेड, उस्मानाबाद, बीदर या जिल्ह्यांतील खेडी भयग्रस्त झाली होती. त्या भीतीला या भाषणांनी शब्दरूप दिले.

याच काळात शब्दांचे आणखी एक युद्ध चालू होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी हल्ला करून रक्कम ताब्यात घेतली. कायद्याच्या दृष्टीने तो दरोडा होता. सैनिकांच्या दृष्टीने ती जुलमी सत्तेच्या साधनांवर केलेली कारवाई होती. कृती एकच, परंतु तिला कोणत्या वर्गात घालायचे हा वादाचा खरा विषय होता.

या सर्व गदारोळात मजलिसच्या सिद्धांताला सर्वांत निर्णायक उत्तर एका मुस्लिम पत्रकाराने दिले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादचे भारतात विलीनीकरण व्हावे अशी भूमिका सातत्याने मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. न्यायशास्त्रात सार्वत्रिक नियम मोडण्यासाठी एक व्यभिचारी उदाहरण पुरेसे असते. ‘प्रत्येक मुसलमान निजामाच्या सत्तेचा भागीदार आहे’ या नियमाचे शोएबुल्ला खान हे जिवंत खंडन होते. मारेकऱ्यांनी त्यांना संपवले ते बहुधा याच कारणासाठी. मात्र खंडन केवळ मजलिसच्या सिद्धांताचे होत नव्हते. पुढील महिन्यात विरुद्ध बाजूने जो नियम लागू केला गेला, त्याचेही ते आधीच दिलेले खंडन होते.

सप्टेंबर १९४८ : व्याख्येची अतिव्याप्ती

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. लष्करातील या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ होते. जनतेत ती ‘पोलीस कारवाई’ म्हणून ओळखली गेली. रणगाड्यांसह झालेल्या लष्करी मोहिमेला पोलीस कारवाई म्हणणे ही सौम्योक्ती होती. प्रश्न देशांतर्गत आहे, हे तिच्यातून सूचित करायचे होते. याच घटनेला मराठवाड्यात ‘मुक्ती’ म्हटले जाते आणि उर्दू लेखनात ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचे पतन, असेही म्हटले जाते. २०२२ साली केंद्र शासनाने १७ सप्टेंबर हा ‘मुक्ती दिन’ म्हणून, तर तेलंगणा शासनाने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून साजरा केला. म्हणजे नावाचा प्रश्न पाऊणशे वर्षांनंतरही मिटलेला नव्हता.

निजामाच्या जुलमी राजवटीचा अंत ही मराठवाड्याच्या इतिहासातील निःसंशय मुक्तीची घटना होती. तथापि त्या मुक्तीनंतरच्या काही आठवड्यांत जे घडले तेही इतिहासाचाच भाग आहे. केंद्र शासनाच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या शिष्टमंडळाने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानाचा दौरा केला. १६ पैकी ९ जिल्ह्यांना त्यांनी भेट दिली. लष्करी कारवाईच्या काळात व नंतर किमान २७ हजार ते ४० हजार लोक मारले गेले असावेत, असा अंदाज त्यांच्या अहवालात आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे त्यात नमूद आहे. लातूर हे कासीम रझवी यांचे गाव असल्याचा उल्लेख करून तेथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या, सुमारे दहा हजार मुस्लिम लोकवस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक गावात उरलेले आढळले आणि हजारावर लोक मारले गेले, असे अहवाल सांगतो. अनेक दशके हा अहवाल अप्रकाशित राहिला.

येथे निबंधाच्या मुख्य मुद्द्याकडे वळता येते. ‘रझाकार’ या शब्दाची मूळ व्याख्या ‘मजलिसच्या निमलष्करी दलाचा स्वयंसेवक’ अशी होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ती पसरत गेली. रझाकाराचा नातेवाईक, रझवींच्या गावचा व्यापारी, त्याच धर्माचा शेजारी असे तिचे क्षेत्र वाढत गेले. शिंगे पाहून प्रत्येक प्राण्याला गाय म्हणण्याचा हाच प्रकार होता. यातील खरी शोकांतिका अशी की हत्या करणारे जमाव ज्या नियमाने वागले तो नियम त्यांनी स्वतः तयार केला नव्हता. ‘प्रत्येक मुसलमान सत्तेचा धनी आहे’ हा मजलिसचा सिद्धांत त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला आणि ‘म्हणून प्रत्येक मुसलमान त्या सत्तेच्या अपराधाचा धनी आहे’ एवढे निगमन त्याला जोडले. मजलिसने लाक्षणिक अर्थाने वापरलेले विधान जमावाने शब्दशः घेतले. हाच उपचारछल होय. एका पक्षाने अभिमानासाठी केलेले रूपक दुसऱ्या पक्षाने आरोपपत्र म्हणून वाचले आणि शिक्षा मात्र सत्तेचा स्पर्शही न झालेल्यांना भोगावी लागली.

या काळातही अतिव्याप्तीला नकार देणारी माणसे होती. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुस्लिम कुटुंबांचे रक्षण केल्याची नोंद सुंदरलाल अहवालात आहे. ‘हा रझाकार नव्हे, हा आमच्या गावचा’ अशीच त्यांच्या वागण्यामागची धारणा असली पाहिजे. तर्कशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचता त्यांनी व्याख्येची मर्यादा सांभाळली.

१९७८ : व्याख्येची अव्याप्ती

स्वातंत्र्यलढ्यात ‘मराठवाडा’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली. वृत्तपत्राने आणि मुक्तिसंग्रामाने हे नाव लोकांच्या मनात रुजवले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधीच, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शिक्षणसंस्थेच्या वतीने त्याच शहरात महाविद्यालय सुरू केले होते. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील दलित व गरीब विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या तेथे घडल्या. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे या मागणीचा मुख्य आधार हाच होता.

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात उसळलेल्या हिंसाचारात दलित वस्त्या जाळण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यातील खेड्यांना याची सर्वाधिक झळ बसली. टेंभुर्णी येथील पोचीराम कांबळे यांची ऑगस्ट १९७८ मध्ये झालेली हत्या हे त्या हिंसेचे प्रतीक बनले. १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले.

नामांतराला विरोध करणाऱ्यांत मुक्तिसंग्रामात सर्वस्व पणाला लावलेले गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांच्यासारखे नेतेही होते. त्यांची भूमिका आणि वस्त्या जाळणाऱ्यांची कृती एकच मानणे हीसुद्धा अतिव्याप्तीच ठरेल. तथापि विरोधी बाजूच्या युक्तिवादाची तपासणी करणे आवश्यक आहे. त्यात तीन मुद्दे वारंवार आढळतात. पहिला मुद्दा असा की नाव बदलल्याने मराठवाड्याचे दारिद्र्य जाणार नाही. विधान खरे आहे. परंतु नामांतराने दारिद्र्य जाईल असा दावा समर्थकांनी केलेला नव्हता. प्रस्तुत विषय सोडून दुसऱ्याच विषयावर बोलणे याला न्यायशास्त्रात अर्थांतर हे निग्रहस्थान म्हणतात. दुसरा मुद्दा असा की निर्णय स्थानिक जनतेला विश्वासात न घेता झाला. हा मुद्दा प्रक्रियेविषयीचा आहे. तो विचारार्ह असला तरी नावाच्या योग्यतेविषयी काहीच सिद्ध करीत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत प्रभावी होता : नामांतर म्हणजे मराठवाड्याच्या अस्मितेवर आघात. येथे चेतनगुणोक्ती हा अलंकार आहे. प्रदेशाला माणसाचे मन आणि मान दिला की त्याचा अपमानही होऊ शकतो. परंतु हा ‘मराठवाडा’ कोण, असा प्रश्न विचारताच व्याख्येतील दोष उघडा पडतो. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मराठवाड्याचेच होते. नामांतराची मागणी करणारे विद्यार्थी याच मातीतले होते. ‘मराठवाड्याला नामांतर नको’ या वाक्यातील मराठवाड्यात ते नव्हते. १९४८ साली ‘रझाकार’ हा शब्द फुगत गेला आणि त्यात निरपराध माणसे ओढली गेली. १९७८ साली ‘मराठवाडा’ हा शब्द आकसत गेला आणि त्यातून गावकुसाबाहेरची माणसे बाहेर ढकलली गेली. पहिल्या प्रसंगी अतिव्याप्ती घडली, दुसऱ्या प्रसंगी अव्याप्ती.

या अव्याप्तीतूनच ‘आंबेडकर की मराठवाडा’ हा खोटा पर्याय उभा राहिला. दोनच पर्याय आहेत आणि ते परस्परविरोधी आहेत असे भासवणे हा सर्वत्र आढळणारा तर्कदोष आहे. सोळा वर्षांनंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव देण्यात आले, तेव्हा हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदू शकतात हे सिद्ध झाले. शासनाने या निर्णयासाठी ‘नामांतर’ऐवजी ‘नामविस्तार’ हा शब्द योजला. ‘अंतर’ या शब्दात बदलाबरोबर दुराव्याचीही छटा आहे, तर ‘विस्तार’ या शब्दात कोणाचे काही जात नाही. चळवळीतील अनेकांना ही तडजोड अपुरी वाटली. तरीही शब्दाची योग्य निवड खोट्या पर्यायातून वाट कशी काढू शकते, याचे हे उदाहरण ठरते. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. हिंसा शब्दांमुळे होत नाही; तिच्यामागे जमीन, सावकारी, सूड आणि जातिवर्चस्व यांसारखी भौतिक कारणे असतात. १९४८ साली रझाकारांच्या अत्याचारांचा सूड आणि मालमत्तेचा लोभ होता, तर १९७८ साली दलितांच्या शिक्षणाने व आत्मसन्मानाने दुखावलेले ग्रामीण वर्चस्व होते. हा आक्षेप बव्हंशी मान्य करावा लागतो. तथापि भौतिक कारण हे राग का आला ते सांगते. तो राग कोणावर काढला गेला ते सांगत नाही. रझाकाराचा राग लातूरच्या व्यापाऱ्यावर आणि मुंबईत संमत झालेल्या ठरावाचा राग टेंभुर्णीच्या दलितावर का निघाला, याचे उत्तर व्याख्येत सापडते. लक्ष्य ठरवण्याचे काम भाषेने केले.

नांदेडचा वादपरंपरेतील वारसा

तर्कदोषांचा हा इतिहास ज्या परिसरात घडला त्याच परिसरात शुद्ध वादाचीही परंपरा आहे. १९५० साली नांदेड येथे पीपल्स कॉलेजची स्थापना झाली. या महाविद्यालयाचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या लेखनात पूर्वपक्षाला असाधारण स्थान आहे. ‘हैद्राबाद : विमोचन आणि विसर्जन’ हे पुस्तक असो किंवा ‘श्रीमान योगी’ या कादंबरीची दीर्घ प्रस्तावना असो, विरोधी मताची मांडणी त्या मताच्या अनुयायांनाही मान्य व्हावी इतक्या सामर्थ्याने करायची आणि मगच उत्तराला हात घालायचा, ही त्यांची रीत होती. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडायचे ठरवले की त्याच्यावर अतिव्याप्त व्याख्या लादता येत नाही आणि अव्याप्त व्याख्येने त्याला वगळताही येत नाही. जल्प आणि वितंडा यांतून वादाकडे येण्याचा हाच मार्ग आहे.

निष्कर्ष

१) हैदराबाद संस्थानातील राजकीय संघर्षात ‘सार्वभौमत्व’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला गेला आणि प्रत्येक पक्षाने आपला अर्थ सिद्ध न करता गृहीत धरला.
२) मजलिसच्या लाक्षणिक सिद्धांताचा शब्दशः अर्थ घेऊन सप्टेंबर १९४८ मध्ये ‘रझाकार’ या शब्दाची अतिव्याप्ती करण्यात आली. त्याची किंमत लातूर-नांदेड परिसरातील निरपराध मुस्लिम नागरिकांनी मोजली.
३) १९७८ साली ‘मराठवाडा’ या शब्दाची अव्याप्ती होऊन प्रदेशाच्या व्याख्येतून दलित समाज वगळला गेला.
४) १९३८ मधील सत्याग्रहाची स्थगिती, शोएबुल्ला खान यांची पत्रकारिता, १९४८ साली शेजाऱ्यांचे रक्षण करणारे ग्रामस्थ आणि १९९४ मधील नामविस्तार या चार घटना व्याख्येची मर्यादा सांभाळण्याची उदाहरणे आहेत. चारही प्रसंगी संबंधितांना कमी-अधिक किंमत द्यावी लागली.
५) अलंकार हा प्रचारभाषेचा दोष नाही. अलंकाराची मर्यादा सांगणारे दार्ष्टांतिक वगळणे हा दोष आहे.

१७ सप्टेंबर आणि १४ जानेवारी हे दोन्ही दिवस आज मराठवाड्यात अभिमानाने साजरे होतात. नांदेड व लातूर येथील महाविद्यालयांत तर्कशास्त्र, मराठी आणि इतिहास हे तीन विषय तीन वेगळ्या तासिकांना शिकवले जातात. हेत्वाभासाचा पाठ शिकवताना ग्रीक किंवा काल्पनिक उदाहरणे देण्याऐवजी आपल्याच जिल्ह्यातील ही उदाहरणे विद्यार्थ्यांसमोर ठेवली, तर या दोन दिवसांचा अर्थ त्यांना अधिक पूर्णपणे कळेल.